सायकलने कामाला जाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सायकलवरून ऑफिसला किंवा कामाच्या जागी जाण्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण इथले रस्ते, चढ आणि पाऊस ओळखीचे आहेत. नाशिक, नागपूर, कोल्हापूरच्या वाचकांनाही बरीचशी उत्तरं लागू पडतील. सुरुवातीला नवख्यांचे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे आणि कायद्याचे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना आधी सायकल कोणती घ्यायची ते हवं असतं. माझ्या मते त्याआधी रस्ता ठरवायला हवा, म्हणून सगळ्यात सविस्तर उत्तर प्रश्न ६ चं आहे. घाईत असाल तर तेवढं तरी वाचा.

१. ऑफिस किती लांब असेल तर सायकल जमते?

नवख्या माणसाचा शहरातला सरासरी वेग, सिग्नल धरून, ताशी १२ ते १५ किलोमीटर पडतो. म्हणजे ५ किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं, ८ किलोमीटरला पस्तीस-चाळीस. आठपर्यंतचं अंतर बहुतेक धडधाकट माणसांना थोड्या सवयीने जमतं. आठ ते पंधराला गिअरची सायकल आणि महिन्याभराची सवय लागते. त्यापुढे मेट्रोची जोड (प्रश्न १७) किंवा ई-सायकल (प्रश्न १८) बघा.

नुसत्या अंतरावर जाऊ नका, चढ कोणत्या वेळी येतो तेही बघा. घरून निघताना उतार म्हणजे संध्याकाळी, दमलेलं असताना, चढ. आधी एखाद्या रविवारी सकाळी जाऊन या, म्हणजे चढ कळतील. मग सुट्टी काढून एकदा ऑफिसच्या वेळेला जा, म्हणजे रहदारी कळेल. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावरून अंदाज बांधून सोमवारी निघालेले लोक आठवड्याभरात सायकल गॅलरीत उभी करतात.

२. पंचेचाळिशी ओलांडली आहे, वजनही जास्त आहे. आता सुरू करावं का?

करा. मात्र रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास किंवा चालताना धाप लागत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात.

‘सायकलने गुडघे दुखायला लागले’ अशी तक्रार बरेच जण करतात. त्यात पुष्कळदा दोष सीटच्या उंचीचा असतो. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पायाचा चवडा पेडलवर आला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तेवढाच हवा. दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली घेणारे गुडघ्याला रोज शिक्षा देतात. सीट योग्य उंचीवर ठेवून थांबताना सीटवरून पुढे उतरायची सवय लावा.

वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर बारीक टायरची, कमी तारांची चाकं घेऊ नका. ३६ तारांचं चाक आणि रुंद टायर टिकतो.

३. रोज जमणार नाही. आठवड्यातून दोनदा जाऊन उपयोग आहे का?

आहे. दोन दिवस ठरवून जाणारे लोक वर्षभर टिकतात. पहिल्याच आठवड्यात सगळे दिवस जायचं ठरवणाऱ्यांचं पाऊस, पाहुणे किंवा उशिराची मीटिंग यांतलं काही आलं की बिनसतं. वार ठरवून घ्या आणि त्या दिवसांचे कपडे आदल्या दिवशीच ऑफिसात ठेवा.

४. कोणती सायकल घेऊ? गिअर हवेतच का?

पेठा, कॅम्प, डेक्कन, शिवाजीनगर या पट्ट्यातच जाणं-येणं असेल तर बिनगिअरची चालते. बावधन, कात्रज, पाषाण-सूसकडे राहत असाल तर गिअर हवेत. रोजच्या कामासाठी सरळ हँडलची, मध्यम रुंदीच्या टायरची, पुढे शॉकअप नसलेली हायब्रिड सायकल सगळ्यात सोयीची. दुकानात तरुण मुलांना जाडजूड टायरची आणि शॉकअपवाली एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) दाखवतात. ती दिसते भारी, पण जड असते, तिचे खाचखळग्यांचे टायर डांबरी रस्त्यावर घरघरतात आणि तुमची ताकद खातात. वाकड्या हँडलची रोड बाइक वेगवान खरी, पण आपल्या खड्ड्यांत तिचे अरुंद टायर आणि रिम लवकर मार खातात.

मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि घंटी या चार गोष्टी बहुतेक ‘स्पोर्टी’ सायकलींना नसतात. त्या बसवायला फ्रेमवर भोकं आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहा. फ्रेमचा साइज दुकानात उभं राहूनच ठरवा: दांडीवरून पाय टाकून जमिनीवर उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे.

जुनी चांगली मिळत असेल तर जरूर घ्या. नवी घेणाऱ्यांना हेही माहीत असावं की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे.

५. घरात वडिलांची काळी, उंच सायकल पडून आहे. ती चालेल?

चालेल, आणि मला ती फार आवडते. चेनकव्हर असल्याने पँट काळी होत नाही. मडगार्ड, कॅरिअर आणि दोन्हीकडचा स्टँड आधीच बसवलेले असतात. टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं आणि वायरिंग करायची असेल तर डायनामोची वायर नवी घाला. चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगमधलं वाळलेलं ग्रीस काढून नवं भरून घ्या. २८ इंची टायर अजून मिळतात. तिची मर्यादा ब्रेकची आहे: सळईचे ब्रेक पावसात फार उशिरा लागतात. सपाट, कमी रहदारीच्या रस्त्याला ती उत्तम, पण चांदणी चौकाच्या उतारावर तिला नेऊ नका.

६. गाडीवरून जातो त्याच रस्त्याने सायकल काढली आणि पहिल्याच दिवशी जीव मुठीत आला. रस्ता कसा निवडायचा?

गाडीचा रस्ता सायकलला क्वचितच योग्य असतो. गाडीवर आपण मोठा रस्ता धरतो, कारण तिथे वेग मिळतो. सायकलचा वेग मोठ्या रस्त्यावर आणि गल्लीत जवळजवळ तेवढाच राहतो, मग मोठ्या रस्त्याचा धोका कशाला घ्यायचा? कोथरूडहून डेक्कनला कर्वे रोडने गेलात काय आणि एरंडवण्यातल्या आतल्या रस्त्यांनी गेलात काय, वेळेत थोड्याच मिनिटांचा फरक पडतो. मनावरच्या ताणात मात्र जमीन-अस्मानाचा. प्रभात रोड आणि भांडारकर रोड यांच्या गल्ल्यांत झाडी आहे, गाड्यांचा वेग कमी आहे, धूरही कमी आहे. डेक्कनच्या बाजूने पेठांकडे जायला म्हात्रे पूल ते भिडे पूल हा नदीपात्रातला रस्ता सपाट आणि विनासिग्नल आहे, पावसाळ्याचे दिवस सोडून (प्रश्न १३). पूर्वेकडे जाणाऱ्यांना कोरेगाव पार्कच्या क्रमांकांच्या गल्ल्या वडांच्या सावलीतून मुळा-मुठेवरच्या पुलापर्यंत आणि पुढे कल्याणीनगरला नेतात.

नकाशा बघताना मोटारीचा मार्ग न बघता पायी जाण्याचा मार्ग बघा. त्यात सोसायट्यांच्या मधल्या वाटा आणि छोटे पूल दिसतात. मग त्या मार्गावर तीन गोष्टी तपासा.

पहिली, उजवी वळणं. रहदारीतून उजवीकडे वळणं हा सायकलस्वाराचा सगळ्यात नाजूक क्षण असतो. अर्धा किलोमीटर जास्त पडला तरी चालेल, पण उजवी वळणं कमी असलेला मार्ग घ्या. दुसरी, उड्डाणपूल. शक्य तिथे खालून जा. पुलावर गाड्या वेगात असतात आणि डावीकडे सरकायला जागाच नसते. तिसरी, पीएमपीचे मोठे थांबे आणि रिक्षा स्टँड. बस डावीकडे थांब्यात घुसते आणि सायकल नेमकी तिच्या वाटेत असते.

जायचा आणि यायचा रस्ता एकच हवा असं नाही. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत, तेव्हा सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असंच करावं लागतं. एकेरी रस्त्यात उलट्या बाजूने सायकल चालवू नका. तेवढाच तुकडा असेल तर उतरून फुटपाथवरून ढकलत न्या.

आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. तुमच्या भागातून रोज सायकलने जाणाऱ्या माणसांना विचारा. दूधवाले, पेपरवाले, सोसायटीचे सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मिस्त्री, कारखान्यात पाळीला जाणारे कामगार. २०११ च्या जनगणनेत, शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना कामावर कसे जाता हे विचारलं होतं. देशात त्यांच्यातले सुमारे १३ टक्के सायकलने जात होते. हेल्मेट आणि चकचकीत कपडे घालून फिरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कितीतरी आधीपासून ही माणसं रोज सायकल चालवत आली आहेत. कोणत्या गल्लीत सकाळी पाण्याचे टँकर उभे असतात, कोणत्या फाटकातून आरपार जाता येतं, कुठला चौक कोणत्या वेळी टाळायचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. ‘काका, तुम्ही इथून पुढे कसे जाता?’ एवढं विचारा, ते उभं राहून रस्ता समजावून सांगतील.

७. रस्त्यावर नेमकं कुठून चालवायची? अगदी कडेने?

अगदी कडेने नको. कडेला वाळू, काचा, गटारांच्या जाळ्या आणि उघडणारी मोटारीची दारं असतात. डाव्या कडेपासून साधारण हातभर आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना दार पूर्ण उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर ठेवा. दोन मोटारींमधल्या मोकळ्या जागेत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, असं करू नका. मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. गल्ली इतकी अरुंद असेल की मागची मोटार सुरक्षित ओलांडू शकणार नाही, तर मधोमध चालवा आणि जागा मिळताच बाजूला व्हा.

उजवीकडे वळायचं असेल आणि धीर होत नसेल तर सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यात थांबा, सायकल वळवा आणि त्या दिशेचा सिग्नल सुटला की निघा. अर्धा-एक मिनिट जास्त जातं, त्याची खंत करू नका.

बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका, विशेषतः सिग्नलला. चालकाला आरशात त्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यातलं काही दिसत नाही. तो डावीकडे वळला तर सायकल मागच्या चाकाखाली येते. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

८. सायकल ट्रॅक आहे, पण त्यावर टपऱ्या आणि गाड्या. तरी त्यावरूनच जायचं का?

सलग आणि मोकळा असेल तिथे जरूर. चढावर तर नक्कीच, कारण चढावर सायकल हळू आणि थोडी डुगडुगत चालते. पण ट्रॅक दर शंभर मीटरला संपून पुन्हा सुरू होत असेल तर रस्त्यावरूनच सरळ चालवलेलं बरं. ट्रॅकवर चढत-उतरत रस्त्यावर पुन्हा पुन्हा अवतरणारा सायकलस्वार गाडीवाल्यांना अनपेक्षित असतो. ट्रॅकवरून चौकात येताना थांबून मागे बघा: डावीकडे वळणाऱ्या गाड्या ट्रॅककडे बघत नाहीत.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये संपूर्ण शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला आहे. तुमच्या वाटेवरचा ट्रॅक अडवलेला असेल तर फोटो आणि नेमकी जागा देऊन तक्रार करा, आणि ती एकट्याने न करता चार जणांनी मिळून करा.

९. सायकलला हेल्मेट सक्तीचं आहे का? दिव्यांचं काय?

मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलला ती लागू नाही. तरीही घाला. हेल्मेट कपाळावर, भुवयांच्या वर दोन बोटं येईल असं बसलं पाहिजे. मागे सरकवून टोपीसारखं घातलं तर उपयोग नाही.

दिवे मात्र हेल्मेटच्याही आधी घ्या. मागे लाल, पुढे पांढरा. पुढचा दिवा खाली झुकवा, समोरच्याच्या डोळ्यात मारू नका. पेडल आणि चाकांच्या तारांना चमकपट्ट्या लावा. पेडलवरची वरखाली होते, त्यामुळे मागच्या गाडीवाल्याला ती लांबूनच सायकल म्हणून ओळखू येते.

१०. ऑफिसात अंघोळीची सोय नाही. घामाचं काय करायचं?

हा प्रश्नही खूप येतो. घरून अंघोळ करून निघा, सकाळी लवकर निघा आणि शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम हळू चालवा. पोहोचल्यावर लगेच कपडे बदलू नका. पाच-दहा मिनिटं पंख्याखाली बसा, घाम थांबू द्या, मग ओल्या नॅपकिनने अंग पुसून कोरडे कपडे घाला. लगेच बदलले तर नवे कपडेही भिजतात. पाठीवरची सॅक हे घामाचं मोठं कारण आहे, तिच्यावरचा उपाय प्रश्न १२ मध्ये आहे.

एप्रिल-मे मध्ये सकाळचं जाणं सुसह्य असतं, परतीचं ऊन त्रास देतं. साडेपाचऐवजी साडेसहाला निघता आलं तर निघा. निघण्यापूर्वी पाणी प्या, आणि डोकं गरगरलं किंवा अंगावर काटा आला तर सावलीत थांबा.

११. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून चालवता येते का?

येते. कितीतरी शिक्षिका आणि परिचारिकांनी वर्षानुवर्षं चालवलेली आहे. खाली झुकलेल्या दांडीची लेडीज सायकल, पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावर जाळी, एवढं हवं. ओढणी गाठ मारून कमरेला किंवा आडवी बांधा, सुटी अजिबात ठेवू नका. चाकात अडकलेली ओढणी गळा आवळते. साडीचा पदर खोचून पिन लावा. सैल पँटला उजव्या घोट्याशी रबर किंवा पट्टी बांधा.

१२. लॅपटॉप आणि डबा कसा न्यायचा?

कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगेत. लॅपटॉप कॅरिअरवर आडवा बांधू नका, खड्ड्यांचे सगळे हादरे त्यालाच बसतात. लटकत्या बॅगेत उभा आणि कपड्यांत गुंडाळलेला असला की सुरक्षित राहतो. डबा पिशवीत घालून हँडलला अडकवू नका, पिशवी पुढच्या चाकात जाते.

१३. पावसाळ्यात काय करायचं? चार महिने बंद ठेवायची का?

बंद ठेवायची गरज नाही. पुण्याचा पाऊस बराचसा भुरभुरणारा असतो, मुसळधार दिवस तुलनेने थोडे. त्या थोड्या दिवसांत मात्र हट्ट करू नका, बसने जा.

ब्रेकपासून सुरुवात करू. रिमवर रबर घासणारे ब्रेक ओले असले की चाकाचे पहिले काही फेरे फक्त पाणी पुसण्यात जातात, मग पकड येते. म्हणून थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या. डिस्क ब्रेकचा इथे खरा फायदा होतो. पुढचा ब्रेक वळणावर दाबू नका.

सगळ्यात घसरडे असतात पहिल्या सरीचे दिवस. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल वर येतं. त्यानंतरही झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं आणि पुलांवरचे लोखंडी सांधे यांवरून जाताना हँडल सरळ ठेवा, ब्रेक लावू नका. साचलेल्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून डबक्यातून न जाता त्याला वळसा घाला. घोट्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उतरा आणि परत फिरा, खालचं झाकण उघडं असू शकतं.

नदीपात्रातल्या रस्त्यावर या महिन्यांत भिस्त ठेवू नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. सकाळी गेलात आणि संध्याकाळी रस्ताच नाही, असं होतं. पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवा. वळवाच्या पावसात शहरात झाडं आणि फांद्या पडतात, तेव्हा आडोसा इमारतीचा घ्या, झाडाचा नाही.

कपड्यांबद्दल: लांब रेनकोट चाकात आणि चेनमध्ये अडकतो. कमरेपर्यंतचं जर्किन घाला आणि पाय भिजणार हे मान्य करा. अर्धी चड्डी आणि मागे पट्टा असलेल्या सँडल, ऑफिसात कोरडी पँट आणि बूट. सामान आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत. मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची रेघ ठरलेली. घरी आल्यावर चेन फडक्याने पुसून तेल द्या, नाहीतर एका रात्रीत लाल होते.

१४. वाटेत पंक्चर झालं तर?

ऑफिसच्या वेळेला रस्त्यावर बसून ठिगळ लावू नका. एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि छोटा पंप बॅगेत ठेवा. ट्यूब बदलायला सवयीने दहा मिनिटं लागतात, घरी दोनदा करून बघा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा, तार किंवा काच काढा. हे विसरलं की नवी ट्यूबही दोन मिनिटांत पंक्चर होते. चाक नटने बसवलेलं असेल तर पाना विसरू नका. जुन्या ट्यूबला संध्याकाळी पंक्चरवाल्याकडून ठिगळ लावून घ्या, सायकलचं काम करणारी जी थोडी माणसं उरली आहेत त्यांना गिऱ्हाईक मिळत राहिलं पाहिजे.

महिन्यातून दोनदा पंक्चर होत असेल तर कारण जवळजवळ नेहमी कमी हवा किंवा झिजलेला टायर असतं.

१५. हवा किती भरायची? देखभाल काय करायची?

टायरच्या बाजूवरच आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ ४० ते ६५ पीएसआय. हलक्या माणसाने खालच्या आकड्याजवळ, वजनदार माणसाने वरच्या आकड्याजवळ ठेवावी. पावसात थोडी कमी. दर आठवड्याला भरा. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर भरता येते, पण भरणाऱ्याला आकडा सांगा आणि जवळ उभे राहा. काळ्या सायकलींच्या देशी व्हॉल्व्हला हातपंपच बरा.

चेनला तेलाचे थेंब आतल्या बाजूने द्या, पेडल फिरवा, मग वरचं तेल पुसून टाका. गॅरेजमधलं जळकं ऑइल घालू नका, त्यावर धूळ बसून चेन आणि दात दोन्ही झिजतात. चाक ‘आउट’ झालं, म्हणजे डुलायला लागलं, की लगेच तारा ओढून घ्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ग्रीसिंग करा.

१६. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सायकल लावू देत नाहीत. बाहेर लावली तर चोरीची भीती.

यात दुकानातून आणायच्या कुलुपापेक्षा कंपनीला लिहायचं पत्र जास्त उपयोगी पडतं. एकट्याने गेटवर वाद घालू नका. तिथला सुरक्षारक्षक नियम पाळतो आहे, आणि बहुधा तो स्वतःही सायकलनेच येतो. चार-पाच सहकाऱ्यांच्या सह्या घेऊन प्रशासन विभागाला मागणी करा: एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात, तेवढी एक जागा आणि एक लोखंडी स्टँड द्या. साफसफाई आणि सुरक्षा विभागातल्या सायकलवाल्यांच्या सह्याही घ्या. जागेवर त्यांचाही हक्क आहे, आणि त्यांच्या सायकली आजवर भिंतीमागे उन्हातच लावल्या गेल्या आहेत.

बाहेरच लावावी लागली तर कडक यू-लॉक फ्रेम आणि मागच्या चाकातून घेऊन जमिनीत पक्क्या असलेल्या खांबाला अडकवा. नुसत्या चाकाला लावलेलं कुलूप म्हणजे चोराला फ्रेम भेट. हाताने सुटणारी चाकं असतील तर तिथे नट बसवून घ्या. फ्रेम नंबर बहुधा पेडलच्या कण्याखाली कोरलेला असतो. त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, तक्रार देताना त्याचा मोठा आधार होतो.

१७. मेट्रोमध्ये सायकल नेता येते का?

घडीची सायकल सामानासारखी नेता येते. पूर्ण आकाराची सायकल डब्यात न्यायला पुणे आणि नागपूर मेट्रोने परवानगी दिलेली आहे, पण गर्दीच्या वेळी आधी स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांना विचारा आणि लिफ्ट वापरा. रोजच्या प्रवासाला मला दुसरी पद्धत जास्त पटते: घर ते स्थानक सायकल, तिथे कुलूप लावून पुढे मेट्रो. वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गिकांमुळे पंधरा-वीस किलोमीटरचा प्रवास सायकलला चार-पाच किलोमीटरचाच उरतो.

१८. ई-सायकलला लायसन्स लागतं का? जुन्या सायकलला मोटर बसवली तर?

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी, लायसन्स, विमा काही लागत नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक मात्र हवा.

मोटरचं किट बसवणाऱ्यांची इथे फसगत होते. ५०० किंवा १००० वॅटची मोटर बसवली, किंवा वेगाची मर्यादा काढून टाकली, की कायद्याच्या नजरेत ती सायकल राहत नाही. मग नोंदणी, लायसन्स, विमा आणि हेल्मेट सगळं लागतं, आणि घरी बसवलेल्या किटची नोंदणी होत नाही. अपघात झाला तर हे फार महागात पडतं. शिवाय साध्या सायकलचे ब्रेक आणि फ्रेम त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

१९. कोथरूडहून हिंजवडीला जायचं आहे. बायपासने जाऊ?

नको. पौड रोडने चांदणी चौकापर्यंत चढ आहे, पुढे महामार्गावर ट्रक आणि बस पूर्ण वेगात असतात. चौकाची नवी रचना २०२३ मध्ये खुली झाली, पण तिथले रॅम्प वेगवान गाड्यांसाठी आहेत, त्यात लेन ओलांडताना सायकलस्वार उघडा पडतो. पाषाण, बाणेर, बालेवाडी, वाकड असं आतून जा. महामार्गालगत जावंच लागलं तर सर्व्हिस रोड सोडू नका. अंतर पंधरा किलोमीटरच्या पुढे जातं, तेव्हा जाताना सायकल आणि येताना कंपनीची बस, दुसऱ्या दिवशी उलट, असं करणारे बरेच जण आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला पूर्ण बंदी आहे. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतूवरही ती नेता येत नाही.

२०. रात्री उशिरा सुटते. एकटीने येताना भीती वाटते, कुत्रीही मागे लागतात.

दिवसाची गल्ली रात्री सोडा. दिवसा शांत म्हणून निवडलेला रस्ता रात्री निर्मनुष्य असतो. रात्री रहदारी कमी झालेली असते, तेव्हा दिवे आणि उघडी दुकानं असलेला मोठा रस्ता जास्त चांगला. त्याच वेळी सुटणारी एखादी मैत्रीण त्याच दिशेची असेल तर बरोबर निघा. मन साशंक असेल त्या दिवशी सायकल ऑफिसात ठेवून या.

कुत्र्यांपुढे वेग वाढवू नका आणि लाथ मारू नका. वेग कमी करा, गरज पडली तर उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि शांतपणे चालत पुढे जा. पळणाऱ्या चाकामागे धावणारी बहुतेक कुत्री थांबलेल्या माणसापुढे थंडावतात. चावलंच तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच रात्री रेबीजची लस घ्यायला जा.

२१. सायकलला विमा नसतो. कामावर जाताना गाडीने उडवलं तर भरपाई मिळते का?

मिळू शकते. विमा तुमच्या सायकलचा लागत नाही, धडक देणाऱ्या वाहनाचा लागतो. त्या वाहनाला तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे करता येतो. त्यासाठी वाहनाचा नंबर, पोलिसांत नोंद, रुग्णालयाची कागदपत्रं आणि मोडलेल्या सायकलचे फोटो लागतात. फार लागलं नाही असं वाटलं तरी नोंद करा, दुखणं कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येतं.

गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. याची माहिती फार थोड्या कुटुंबांना असते, म्हणून ओळखीतल्या प्रत्येक सायकलवाल्याला हे सांगा.

ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत येणाऱ्या कामगारांसाठी आणखी एक तरतूद आहे. ती २०१० च्या दुरुस्तीने ईएसआय कायद्यात ५१-ई कलम म्हणून आली होती. तिच्यानुसार, घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ-ठिकाण-परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचा अपघात मानला जातो. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे. सायकल, पायी, बस असा भेद त्यात नाही. अपघाताची खबर मालकाला लेखी द्या आणि पोच घ्या. नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या कामाला वळला होतात का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला शाळेत सोडून किंवा वाटेतून भाजी घेऊन जाणं तुमचं रोजचंच असेल, तर तसं जबाबात स्पष्ट लिहा.